मूळ जीप म्हणजे नेमकी कुठली?

पावसाळा लागला की तुमच्या-माझ्या फोनवर एक ठरावीक रील फिरायला लागतं. लाल चिखल, उघडी जीप, चारही चाकं गरगरतायत, बाजूला उभे चार जण ओरडतायत, आणि मग गाडी एकदम उसळी मारून वर. तीस सेकंदांत खेळ खलास.

माझं लक्ष अशा वेळी गाडीच्या खाली जातं. कारण अशा गाडीचा बॉनेट एका काळातला असतो, इंजिन दुसऱ्या गाडीचं, गिअरबॉक्स तिसऱ्या, स्टिअरिंग कुठल्याशा कारमधून काढलेलं. पाटे नवे, सीटा नव्या, टायर तर दीडपट. आरसी बुकात मात्र एकच साल, एकच इंजिन नंबर. मग ही गाडी किती सालची? आणि तिच्यात मूळ काय उरलं?

गप्पांमध्ये हा प्रश्न गंमतीचा वाटतो. पण आज भारतात या उत्तरावर गाडी रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार हे ठरतं. म्हणून आजच्या भागात जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या दुरुस्तीचा आणि फेरफारांचा इतिहास. शेवटी माझं मत पण सांगतो. पटलं नाही तर भांडा, चालेल.

४९ दिवसांत जोडलेली गाडी

१९४० चा उन्हाळा. जर्मन सैन्यानं फ्रान्स घेतलेलं. अमेरिकन लष्कराला कळून चुकलं होतं की घोडे आणि साइडकारवाल्या मोटरसायकलींवर हे युद्ध निभावणार नाही. त्यांना हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. जुलैमध्ये त्यांनी १३५ कंपन्यांना विचारलं. अट अशी की पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा. अट ऐकूनच बहुतेकांनी हात वर केले.

हो म्हणाली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम. अगदी छोटी आणि आर्थिक अडचणीत सापडलेली कंपनी. तिनं कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं, त्यानं दोन-तीन दिवसांत नकाशे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी लष्कराच्या कॅम्प होलाबर्डमध्ये हजर झाली.

आता विचार करा. ४९ दिवसांत नवा ॲक्सल, नवा गिअरबॉक्स, नवं इंजिन असं सगळं घडवता येतं का? नाही येत. म्हणून त्यांनी बाजारात जे तयार होतं ते उचललं. ॲक्सल स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या कारवरून घेतले आणि त्यात फेरफार केले. इंजिन कॉन्टिनेंटलचं. गिअरबॉक्स वॉर्नरचा. पत्रा जमेल तसा हातानं वाकवला. थोडक्यात, जगातली पहिली जीप हीच इकडून-तिकडून भाग आणून केलेली मॉडिफाइड गाडी होती.

पुढचा भाग बँटमसाठी वाईट आहे. कंपनी लहान, तिला इतक्या गाड्या झेपणार नाहीत असं म्हणून लष्करानं तिची रचना विलीस आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवली. विलीसकडे ६० हॉर्सपॉवरचं दणकट इंजिन होतं, 'गो डेव्हिल' नावाचं. ते जिंकलं. पण एकट्या विलीसचा कारखाना पुरणार नव्हता, म्हणून फोर्डनंही विलीसचीच गाडी बनवायची असं ठरलं. दोघांचे भाग एकमेकांना बसले पाहिजेत, ही त्यातली खरी अट.

एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन कंपन्या एकच गाडी बनवायला लागल्या. फोर्डनं तेवढ्यातही आपली ओळख ठेवली. बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा छोटासा इंग्रजी एफ ठोकला. लष्करानं १९४४ मध्ये काढलेली देखभालीची पुस्तिका मात्र दोन्ही गाड्यांसाठी एकच होती. जंगलात बंद पडलेल्या विलीसला शेजारच्या फोर्डचा भाग बसायचा, आणि तो कुठे कसा बसवायचा हे साध्या शिपायालाही पुस्तिकेत बघून कळायचं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीपा काढल्या.

आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच सापडतं. भाग बदलता येणं हा जीपचा नंतर लागलेला गुण नाही. ती घडवलीच होती भाग बदलण्यासाठी.

युद्ध संपलं, गाड्या उरल्या

१९४५ नंतर जगभर या गाड्या उरल्या. आपल्याकडेही. आसाममधल्या लेडोपासून म्यानमारमार्गे चीनला जाणारा रस्ता अमेरिकनांनी युद्धात बांधला होता, त्यामुळे ईशान्येत आणि बंगालमध्ये लष्करी सामानाचे ढीग लागले होते. त्यातल्या जीपा विकल्या गेल्या. चहाचे मळेवाले, ठेकेदार, शिकारी, सरकारी खाती अशा हातांतून त्या फिरत राहिल्या.

इंग्लंडमध्ये याच काळात एक भारी गोष्ट घडली. रोव्हर कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांची वेल्समध्ये अँगलसी बेटावर शेती होती आणि तिथे ते युद्धातली जुनी जीप वापरायचे. जीप झिजत आली, सुटे भाग मिळेनात. ही गेली की काय घेणार, असं भावानं विचारलं. बाजारात दुसरं काहीच नव्हतं. मग त्यांनी स्वतःच गाडी बनवायची ठरवली. पहिला प्रयोग केला तो जीपच्याच चॅसीवर. पोलादावर रेशनिंग होतं, म्हणून अंगाला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा. ३० एप्रिल १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती आली. नाव लँड रोव्हर. दोन चाकांमधलं अंतर ८० इंच, जीपइतकंच. म्हणजे जगातली दुसरी प्रसिद्ध फोर बाय फोर जन्मली ती पहिलीचे पार्ट मिळेनात म्हणून.

अमेरिकेत त्याच वर्षी सिॲटलमध्ये आर्थर वॉर्न नावाचे गृहस्थ जुन्या लष्करी जीपा दुरुस्त करून विकत होते. त्यांना एक अडचण दिसली. जीप टू व्हीलवर चालवली तरी पुढच्या चाकांबरोबर पुढचा ॲक्सल आणि शाफ्ट फुकट फिरत राहतात. पेट्रोल जातं, भाग झिजतात. मग चाकाच्या मध्यावर असा हब आला की तो हातानं फिरवला की चाक ॲक्सलपासून सुटतं, उलटा फिरवला की जोडलं जातं. आज जुन्या जीपच्या पुढच्या चाकावर जी गोल फिरकी दिसते ती हीच. गंमत बघा, जीपवरचा हा गाजलेला फेरफार डोंगर चढण्यासाठी नव्हता. रस्त्यावर पेट्रोल वाचवण्यासाठी होता.

डोंगराचा नाद अधिकृतपणे सुरू झाला १९५३ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउन गावाजवळून सिएरा नेवाडा पर्वतात जाणारी रुबिकॉन नावाची जुनी खडकाळ वाट आहे. तिथे त्या ऑगस्टमध्ये पहिली सामूहिक जीप सफर निघाली, ५५ गाड्या आणि दीडशेच्या वर माणसं. सगळ्या बहुतेक युद्धातल्या नाहीतर नंतरच्या साध्या जीपा. खडकावर गाडी तुटायची, तिथेच दुरुस्त व्हायची, आणि घरी गेल्यावर तो भाग जरा जाड करून बसवला जायचा. ऑफ-रोडसाठी गाड्या बदलायची विद्या अशा तुटलेल्या भागांतून वाढत गेली.

माझगाव ते वडाप

आता घरी येऊ. १९४५ मध्ये दोन महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इकडच्या कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. या कंपनीनं विलीसच्या जीपा सुट्या भागांत आणून मुंबईत माझगावला जोडायला घेतल्या. पुढे भाग इथेच बनायला लागले.

आपल्या डोळ्यांसमोर जी 'जीप' येते, उंच बॉनेटवाली, ती सीजे-३बी. तिचा बॉनेट उंच का? कारण विलीसनं इंजिन बदललं. 'हरिकेन' नावाच्या नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर गेले, इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. बॉनेट वर उचलला, संपलं. चॅसी तीच, ॲक्सलांचा बेत तोच. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ बनली. आपल्याकडे त्याच साच्याच्या गाड्या त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत राहिल्या. म्हणून जुन्या जीपवाल्यांच्या तोंडी अजून 'लो बोनेट' आणि 'हाय बोनेट' अशी दोन घराणी आहेत.

अमेरिकेत लोक जीपला मोठं व्ही-एट पेट्रोल इंजिन बसवत होते, ताकदीसाठी. आपल्याकडे उलटं झालं. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त. जीप चालायची ती पोटासाठी. त्यामुळे पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकणं हा आपला सगळ्यात मोठा फेरफार ठरला. कुणी टेम्पो मॅटॅडोरचं इंजिन टाकलं, जे मुळात मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं. कुणी आणखी कशाचं. कंपनीनंही तोच रस्ता धरला. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनाच्या घराण्यातलं डिझेल जीपमध्ये आलं, आणि १९८० च्या दशकात एमएम ५४० ला प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल मिळालं. म्हणजे कारखान्यानं आणि नाक्यावरच्या मिस्त्रींनी एकच काम केलं. फरक इतकाच की कारखान्याच्या कामावर शिक्का होता.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्यांना वडाप सांगायला नको. एसटी चुकली की वडाप. आत माणसं, मागं माणसं, टपावर बोचकी, आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर. त्या गाड्यांचे मागचे पाटे वाढवलेले असायचे, मागची बॉडी लांबवलेली असायची. तो पण ऑफ-रोडसाठीचा फेरफारच. फक्त त्याला तसं नाव नव्हतं, आणि ते काम करणाऱ्या लोहाराला किंवा टर्नरला आपण काही विशेष करतोय असं वाटत नव्हतं.

उत्तरेत हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यातलं मंडी डबवली हे गाव तर याच कामासाठी प्रसिद्ध झालं. लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्यांचे भाग आणायचे, त्यातून उघड्या जीपा उभ्या करायच्या, रंगवायच्या आणि देशभर विकायच्या. कारागिरी जबरदस्त. पण अशा गाड्यांची खरी परीक्षा चिखलात नसते, कागदात असते. चॅसी एकीकडची, इंजिन दुसरीकडचं, आरसी तिसऱ्याच गाडीची निघाली तर घेणाराच अडकतो.

संदकफूच्या चढावर

या इतिहासातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण महाराष्ट्रातलं नाही, दार्जिलिंगकडचं आहे. मानेभंज्यांग गावातून संदकफूच्या माथ्यावर जाणारा सुमारे ३१ किलोमीटरचा रस्ता. माथा ३,६३६ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. वर्षानुवर्षं हा रस्ता म्हणजे दगडांची चळत, केसाच्या पिनेसारखी वळणं आणि खाली दरी.

या रस्त्यावर चालायच्या त्या १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर. चहाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी आणलेल्या, नंतर स्थानिक ड्रायव्हरांकडे आलेल्या. कंपनीचे भाग मिळणं केव्हाच बंद झालं. मग काय? इंजिन महिंद्राच्या जीपचं डिझेल आलं. जे भाग मिळाले नाहीत ते लेथवर बनवले. त्यांनी हे कुठल्या स्पर्धेसाठी केलं नाही. वरच्या वस्त्यांना तांदूळ, गॅस आणि पाहुणे पोहोचवायचे होते म्हणून केलं.

आता बऱ्याच रस्त्यावर काँक्रीट झालंय, बोलेरो आल्यात, आणि जुन्या लँड रोव्हर कमी होतायत. पण सत्तर वर्षांच्या गाडीनं रोज चढ चढणं ही साधी गोष्ट नाही. या गाड्यांना कुणी 'मूळ नाही' म्हणालं, तर मी विचारेन, मग मूळ म्हणजे काय? काचेच्या पेटीत उभी असलेली?

एक बदला, चार हलतात

इथवर ऐकून वाटेल की मी सगळ्याच मॉडिफिकेशनच्या बाजूनं बोलतोय. तसं नाही. आता जरा गाडीखाली शिरू.

आधी जीप चढते कशी ते बघा. सीजे-३बीच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे २.८ फेरे म्हणजे गिअरबॉक्सबाहेर एक. मग ट्रान्सफर केस, म्हणजे फोर बाय फोरचा छोटा गिअरबॉक्स. त्याच्या 'लो'मध्ये आणखी २.४६ ची घट. शेवटी ॲक्सलमध्ये ५.३८ ची. तिन्ही गुणा. उत्तर ३७ येतं. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. युद्धातल्या जीपमध्ये हाच आकडा २५-२६ होता, पुढे शेतीकामाला लागणारी गाडी म्हणून विलीसनं तो वाढवला. जीपची खरी ताकद हॉर्सपॉवरमध्ये नाही, या ३७ मध्ये आहे. गाडी मुंगीच्या चालीनं, न उसळता, दगडावर चढते ती याच्या जोरावर.

आता तुम्ही मूळचे ६.००-१६ टायर काढून ३३ इंची टायर टाकलेत. मूळ टायरची उंची साधारण साडेअठ्ठावीस इंच. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, त्यामुळे तुमचे ३७ एकदम ३२ सारखे वागायला लागतात. गाडी दिसते दांडगी, पण हळू चढण्याची ताकद घटली. आता क्लच जळणार. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार. आणि ब्रेक? या जीपला नऊ इंची ड्रम ब्रेक. मोठ्या, जड चाकाला थांबवायला तेच ड्रम कमी पडतात. टेकडी चढताना हे कळत नाही, घाट उतरताना कळतं.

दुसरं उदाहरण, गाडी उंच करणं. मूळ जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते काढून ॲक्सलच्या वर बसवले की गाडी चार-पाच इंच उचलली जाते. स्वस्त आणि मस्त. पण आता शाफ्टचा कोन वाढला, त्याचे क्रॉस लवकर झिजणार. स्टिअरिंगचा दांडा तिरका झाला, खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप बाजूला ओढणार. गुरुत्वमध्य वर गेला, आडव्या उतारावर गाडी कलंडायची भीती वाढली. म्हणजे पाटे वर घ्यायचे तर शाफ्ट, स्टिअरिंग, ब्रेक आणि शॉकॲब्सॉर्बर सगळ्यांचं गणित पुन्हा मांडावं लागतं. रुबिकॉनवाले आणि मानेभंज्यांगचे ड्रायव्हर हे शिकले कारण चूक झाली तर रात्र डोंगरावर काढावी लागायची. नुसतं दिसण्यासाठी केलेल्या कामात हा धडा देणारं कुणी नसतं.

कायदा काय विचारतो?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीमधला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्यामागचं कारण खोटं नाही. रस्त्यावर फक्त तुमची गाडी नसते. मघाशी सांगितलेले नऊ इंची ब्रेक आठवा.

दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसलेली असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण ती गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरती. आणि साध्या मार्गानं जायचं तर १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण. कारसाठी ती फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली.

यात आपली डिझेलवाली हाय बोनेट बसवून बघा. मूळ पेट्रोल इंजिन कधीच गेलं, म्हणून ती व्हिंटेज नाही. तिचं वय झालंय, म्हणून ती साधीही नाही. आणि जिनं अर्धशतक माणसं वाहिली ती ज्या दुरुस्त्यांमुळे जगली, त्याच दुरुस्त्या आता तिच्यावरचा आरोप झाल्यात.

दुसऱ्या देशांनी या पेचावर वेगळे रस्ते काढले. जर्मनीत गाडीत बदल केला तर ती तपासणीला न्यायची. तज्ज्ञ बघतो, ब्रेक आणि चाकं तपासतो, मान्य केलं की बदल गाडीच्या कागदांत लिहिला जातो. ब्रिटननं तर गाडीच्या ओळखीसाठी अनेक वर्षं चक्क गुण दिले. मूळ चॅसीला ५. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनाला फक्त १. एकूण १४ पैकी किमान ८ मिळाले आणि त्यात मूळ चॅसी असली तर गाडीनं आपला जुना नंबर ठेवायचा. त्या हिशेबानं संदकफूच्या लँड रोव्हरचं नुसतं इंजिन बदललं असेल तर तिला १३ गुण. गिअरबॉक्सही बदलला असेल तर ११. दोन्ही वेळा ती आरामात पास. सगळे भाग मिळून जोडलेल्या, चॅसीही परकी असलेल्या गाडीला मात्र त्यात जागा नाही. मला हा विचार आवडला, कारण तो 'काहीही बदलू नका' असं म्हणत नाही आणि 'काहीही करा' असंही म्हणत नाही. गाडीचा कणा कुठला, एवढंच तो विचारतो.

मग माझं मत

मला वाटतं जीपचं मूळपण तिच्या एखाद्या भागात नाही, ती दुरुस्त होऊ शकते यात आहे. दुसरा माणूस ती उघडू शकला पाहिजे, काय बदललंय हे त्याला कळलं पाहिजे आणि गरज पडली तर परत फिरवता आलं पाहिजे. फोर्डच्या कामगारानं विलीसच्या जीपसाठी भाग घडवला तो याच विश्वासावर. म्हणून कुठलाही फेरफार करण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. हा भाग नट-बोल्टवर आहे की चॅसी कापून? हा बदलल्यावर आणखी कुठले चार भाग बदलावे लागतील? आणि उद्या ही गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली तर त्याला न सांगता समजेल का?

याच्या जोडीला कायद्याकडूनही एक अपेक्षा आहे. तपासून मान्य करायचा आणि आरसीत लिहायचा सोपा रस्ता हवा. आज तो नीट नसल्यामुळे चांगला मिस्त्री आणि वाईट मिस्त्री एकाच रांगेत उभे आहेत. ज्यानं ब्रेकचं गणित मांडून काम केलं तोही लपवतो आणि ज्यानं फक्त वेल्डिंग केलं तोही लपवतो. लपवलेल्या कामात शिकणं होत नाही. आणि या कामाची विद्या पुस्तकात नाही, ती म्हाताऱ्या होत चाललेल्या हातांत आहे. पाट्यांना हातोड्यानं कमान देणारे, लेथवर जुना बुश अंदाजानं नाही तर मापानं काढणारे, गिअरबॉक्सचा आवाज ऐकून बेअरिंग सांगणारे हात. ते गेले की जुन्या जीपा आपोआप जातील, त्यासाठी कुठला कायदा लागणार नाही.

तुमच्यापैकी कुणी जुनी जीप घ्यायच्या विचारात असेल तर आधी चॅसी नंबर आरसीशी ताडून बघा, गाडीचा रंग आणि टायर नंतर बघा. काय बदललंय त्याची यादी मालकाकडून लिहून घ्या. जो बदल करायचाय तो चालेल का, हे आपल्या आरटीओत आधी विचारा, आणि विमा कंपनीलाही कळवा. न कळवलेल्या बदलामुळे दावा अडकतो. पहिले पैसे ब्रेक, स्टिअरिंग आणि पाट्यांवर घाला. विंच, लाइट आणि मोठे टायर मागाहून.

आणि वाटेवर गेलात तर ३७ चा आकडा आठवा. 'लो'मध्ये टाका, हळू चढा. सह्याद्रीतल्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो, पावसात त्यावर फुलं येतात. एका जागी चाकं गरगरवली की तो थर सोलून निघतो आणि परत यायला वर्षं लागतात. वनखात्याची हद्द असेल तर परवानगीशिवाय शिरू नका. रीलमध्ये चिखल उडताना भारी दिसतो हे खरं, पण जुनी जीप चालवणाऱ्याला विचारा, चिखल न उडवता वर गेलेली गाडी त्याला जास्त आवडते.

तुमच्या गावात, गल्लीत असा एखादा जुना मिस्त्री असेल तर या आठवड्यात त्याच्याकडे जा. चहा घ्या, फोन काढा, आणि तो पाटे कसे बसवतो याचा व्हिडिओ करा. त्याची परवानगी घेऊन, अर्थात. पुढच्या भागात भेटू.